कलहाचें युग

कांहीं शब्द इतक्या हातांतून फिरलेले असतात कीं, जुन्या नाण्यावरील छापाप्रमाणें त्यांचा अर्थ झिजून जातो. तरीहि व्यवहारांत ते चालतच राहतात. 'कलियुग' हा अशा शब्दांपैकीं एक होय. दुधांत पाणी निघालें कीं कलियुग. मुलानें उलट उत्तर दिलें कीं कलियुग. ओळखीच्या गृहस्थानें उसने नेलेले पैसे परत केले नाहींत कीं कलियुग. आमच्या शेजारचे एक पेन्शनर गृहस्थ सकाळचें वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि घडी घालतांना "कलियुग आहे, दुसरें काय!" एवढाच अभिप्राय देतात. या सर्व प्रयोगांत एक मौज आहे. बोलणारा स्वतःला त्या युगांत कधींच धरीत नाहीं. कलियुग लागलें आहे तें गवळ्याला, मुलाला आणि कर्जदाराला. बोलणारा जणूं काय द्वापर संपतांना इकडे यावयाचें विसरला आणि तिकडेच राहिला आहे!

परंतु या शब्दाचा मूळ अर्थ पाहूं गेल्यास हा अलिप्तपणा फार वेळ टिकत नाहीं. संस्कृतांत 'कलि' म्हणजे भांडण, तंटा. द्यूतांतील हरणाऱ्या फांशालाहि तेंच नांव होतें, आणि नलराजाच्या शरीरांत शिरून त्याला द्यूतांत सर्वस्व घालवावयास लावणारा तोहि कलिच. आपल्या मराठींत 'कळ लावणें', 'कळलाव्या', 'कळीचा नारद' असे प्रयोग आहेत. त्यांतील कळ याच कुळांतली. तेव्हां कलियुग म्हणजे नुसतें पापाचें किंवा अधर्माचें युग नव्हे. तें आधीं भांडणाचें युग आहे. पाप एकट्यानें करतां येतें. भांडण एकट्यानें करतां येत नाहीं. त्याला दुसरी बाजू लागते, आणि ती बाजू बहुधा आपलीच असते.

हा विसरलेला अर्थ आमच्यापुढें पुन्हा आणून ठेवला तो कोणा शास्त्रीबोवांनीं नव्हे, कीं कीर्तनकारांनींहि नव्हे. तो ठेवला न्यूयॉर्क शहरांतील पांच दांडग्या तरुणांनीं. त्यांच्या वाद्यवृंदाचें नांव 'क्रो-मॅग्स'; क्रो-मॅग्नन या अश्मयुगांतील मानवावरून तें घेतलेलें आहे. १९८६ सालीं निघालेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमचें नांव 'द एज ऑफ क्वारल', म्हणजे शब्दशः 'कलहाचें युग'. त्या नांवाखालीं वेष्टनावर अणुस्फोटाच्या ढगाचें चित्र आहे.

हा अल्बम आमच्या घरांत आला तो आमच्या पुतण्याबरोबर. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि त्याला विजेच्या गिटारीचें वेड आहे. "काका, तुम्ही एकनाथी भागवत वाचतां ना? मग हें एकदां ऐकाच," असें म्हणून त्यानें तीं पंधरा गाणीं आम्हांस लागोपाठ ऐकविलीं. आमचे कान अब्दुल करीमखांसाहेब आणि हिराबाई बडोदेकर यांच्या ध्वनिमुद्रिकांवर पोसलेले. हें संगीत आम्हांस गोड लागलें असें सांगितल्यास वाचकांचा विश्वास बसणार नाहीं, आणि तें खरेंहि होणार नाहीं. पण गोड लागावें म्हणून तें केलेलेंच नाहीं. कोणी दार ठोठावीत असला म्हणजे आपण त्याचा ताल कसा आहे हें पाहत नाहीं. कोण आला आहे आणि काय सांगतो आहे हें पाहतों. आम्हीं हीं गाणीं त्याच रीतीनें ऐकलीं.

या प्रकाराला 'क्रॉसओव्हर थ्रॅश' म्हणतात. त्याची कुळकथा थोडक्यांत अशी. १९८० नंतरच्या चार-पांच वर्षांत अमेरिकेंतील तरुणांच्या संगीतांत दोन पंथ जोरावर होते. एक 'हार्डकोअर पंक': गाणें दीड-दोन मिनिटांचें, अति द्रुत, मोजक्याच स्वरमेळांवर उभारलेलें आणि ओरडून म्हटलेलें. वाद्यावर हात बेताचा असला तरी चालेल, पण सांगावयाचें कांहीं तरी असलें पाहिजे, असा या पंथाचा बाणा. दुसरा 'थ्रॅश मेटल': वेग तितकाच, परंतु बोटांची तयारी कसून केलेली आणि गिटारीचे तुकडे पलट्यांसारखे घोटलेले. पहिल्या पंथांतले लोक बहुधा केस भादरीत, दुसऱ्यांतले वाढवीत. आणि दोघे एकाच जलशाला जमले म्हणजे प्रकरण कधीं कधीं हातघाईवर येई. पुढें १९८५ च्या आसपास हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळूं लागले. मूळच्या ह्यूस्टन येथील डी. आर. आय. या वृंदानें १९८७ सालीं आपल्या अल्बमला 'क्रॉसओव्हर' असेंच नांव दिलें, आणि तें त्या मिश्र जातीला कायमचें चिकटलें. म्हणजे जो संगीतप्रकार दोन भांडखोर पंथांच्या मिलाफांतून जन्मला, त्यांतीलच एका नामांकित अल्बमनें कलहाचें नांव धारण केलें आहे.

या अल्बमांत जॉन जोसेफ गातो, हार्ले फ्लॅनागन खर्जाची गिटार वाजवितो, पॅरिस मेह्यू आणि डग हॉलंड हे दोघे दुसऱ्या गिटारींवर आहेत, आणि ताल मॅकी जेसनकडे आहे. पंधरा गाण्यांना मिळून वेळ लागतो अर्ध्या तासाहून थोडासाच अधिक. तेवढ्यांत आमच्याकडील गवयाचा विलंबित ख्यालहि पुरा व्हावयाचा नाहीं. गिटारीच्या तारांवर तळहाताची कड टेकवून काढलेले दबके, तुटक आघात. त्यांच्या पायांत पाय घालून धांवणारे ढोल. मध्येंच सर्वांनीं एकदम चाल मंद करून जड पावलें टाकावीं, ऐकणाऱ्याला वाटावें कीं आतां भिंत पडते, तोंच पुन्हा दौड सुरू. गाणारा सूर लावीत नाहीं. तो शब्द दाढेखालीं फोडतो.

आतां प्रश्न असा कीं, भागवतांतील हा शब्द त्या मंडळींपर्यंत पोंचला कसा? त्याची वाट मुंबईवरून गेलेली आहे. १९६५ सालीं ए. सी. भक्तिवेदान्त स्वामी या एकोणसत्तर वर्षांच्या गौडीय वैष्णव संन्याशानें मुंबईच्या सिंदिया कंपनीच्या प्रमुख सुमति मोरारजी यांना भेटून त्यांच्या मालवाहू जहाजावर अमेरिकेपर्यंत फुकट जागा मिळविली. जहाजाचें नांव 'जलदूत'. तें १३ ऑगस्ट रोजीं कलकत्त्याहून निघालें आणि सप्टेंबरांत अमेरिकेस लागलें. स्वामींच्या गांठीं चाळीसच्या घरांत रुपये आणि स्वतः इंग्रजींत उतरवून छापविलेले भागवताच्या प्रथम स्कंधाचे भाग, एवढेंच होतें. दुसऱ्या वर्षीं न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागांत, सेकंड ॲव्हेन्यूवरील २६ क्रमांकाचें एक लहानसें दुकान त्यांनीं भाड्यानें घेतलें, आणि १९६६ च्या जुलै महिन्यांत आपला कृष्णभक्तीचा संघ स्थापन केला. ऑक्टोबरांत जवळच्याच टॉम्पकिन्स स्क्वेअर बागेंत एका एल्म वृक्षाखालीं त्यांनीं उघड्यावर कीर्तन केलें. त्या कीर्तनांत सामील झालेल्या मंडळींत कवि ॲलन गिन्सबर्ग हाहि होता. तो १९६२-६३ मध्यें हिंदुस्थानांत राहून गेलेला होता, आणि नाममंत्र त्याला आधींच ठाऊक होता.

स्वामींनीं आपल्या ग्रंथांत कलियुगाचें जें इंग्रजी केलें, त्याचा अर्थ होतो 'कलह आणि दंभ यांचें युग'. आपल्याकडच्या कोणा इंग्रजी शिकलेल्या गृहस्थानें हें भाषांतर केलें असतें, तर त्यानें 'पापयुग' किंवा 'अंधारयुग' असा भारदस्त शब्द योजिला असता. स्वामींनीं धात्वर्थाला धरून साधा, रस्त्यावरचा शब्द घेतला, आणि रस्त्यावरच्या मुलांनीं तो उचलला.

या मुलांपैकीं हार्ले फ्लॅनागन हा १९६७ सालीं जन्मलेला. तो नऊ वर्षांचा असतां, १९७६ सालीं, त्याच्या गोष्टींचें आणि चित्रांचें एक लहानसें पुस्तक निघालें, आणि त्याची प्रस्तावना त्याच गिन्सबर्गनें लिहिली. बाराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा 'स्टिम्युलेटर्स' नांवाच्या वृंदांत ढोल वाजवूं लागला होता. जॉन जोसेफचें बालपण परक्यांच्या घरीं, सरकारी व्यवस्थेनें ठेवलेल्या मुलांत गेलें. तें त्यानें २००७ सालीं आपल्या आत्मचरित्रांत सांगितलें आहे. दोघेहि कांहीं काळ पडक्या, मालकांनीं सोडून दिलेल्या इमारतींत राहिले. न्यूयॉर्क शहर १९७५ सालीं दिवाळखोरीच्या कांठावर आलें होतें, आणि लोअर ईस्ट साइडमध्यें त्याच्या खुणा पुढें दहा-बारा वर्षें दिसत होत्या: जळकीं घरें, बंद दुकानें, भर रस्त्यांत अफूच्या सत्त्वाची विक्री. १९७३ पासून २००६ पर्यंत चाललेला 'सी. बी. जी. बी.' हा प्रसिद्ध क्लब तेथेंच बावरी रस्त्यावर होता, आणि रविवारीं दुपारीं तेथें हार्डकोअरचे जलसे होत. स्वामींच्या त्या पहिल्या दुकानापासून तो क्लब पायीं कांहीं मिनिटांच्या अंतरावर. अशा वस्तींत कोणी येऊन 'हें कलहाचें युग आहे' असें सांगितलें, तर तें पुराण वाटत नाहीं. ती आजची बातमी वाटते.

आतां या गाण्यांचीं नांवें पाहा. 'शो यू नो मर्सी', 'स्ट्रीट जस्टिस', 'सर्व्हायव्हल ऑफ द स्ट्रीट्स': म्हणजे दयामाया नाहीं, रस्त्यावरचा न्याय, रस्त्यावर जगून राहणें. आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून 'वी गॉटा नो', 'सीकर्स ऑफ द ट्रूथ', 'वर्ल्ड पीस': आम्हांस कळलेंच पाहिजे, सत्याचे शोधक, जगाची शांति. एकाच अर्ध्या तासांत, त्याच तोंडानें, मुठी वळणें आणि सत्य विचारणें हीं दोन्ही चाललेलीं आहेत. सुशिक्षित माणसाला ही विसंगति वाटेल. आम्हांला मात्र या अल्बमचें सारें महत्त्व याच ठिकाणीं दिसतें. कलियुगावर बोलतांना हे तरुण द्वापरांत जाऊन बसलेले नाहींत. युग भांडणाचें आहे, आणि भांडणाऱ्यांत आम्हीहि आहों, हें त्यांनीं लपविलेलें नाहीं. आपल्याकडील पुष्कळ नीतिपर लेखनांत जें कधीं आढळत नाहीं, तें येथें आढळतें: तक्रार करणारा स्वतःला वगळीत नाहीं.

मग याला भक्ति म्हणावयाचें काय? आमच्या मतें म्हणतां येणार नाहीं, आणि म्हणण्याची गरजहि नाहीं. भागवतांत कलियुगाला दोषांचा सागर म्हणून, त्यांत एक मोठा गुण आहे असें सांगितलें आहे: इतर युगांत जें ध्यानानें, यज्ञानें आणि पूजेनें मिळे, तें या युगांत नुसत्या कीर्तनानें मिळतें. एकनाथांनीं काशींत १५७३ सालीं ज्या एकादश स्कंधावरील टीका पुरी केली, त्या स्कंधांतहि जाणत्या लोकांनीं कलियुगाची थोरवी गाइली आहे ती याच कारणासाठीं. वारकऱ्याच्या टाळांत रोग आणि औषध दोन्ही एकत्र असतात. गौडीय परंपरेचा आणि पंढरीचा ऋणानुबंधहि जुना आहे. चैतन्यमहाप्रभु दक्षिणयात्रेंत पंढरपुरास येऊन गेल्याचें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. क्रो-मॅग्सच्या गाण्यांत औषधाचें नांव दुरून ऐकूं येतें. रोग मात्र पुरा आणि मोठ्या आवाजांत सांगितलेला आहे. हें कीर्तन नव्हे. कीर्तनाला येण्यापूर्वीं माणसाच्या पोटांत जी आग असते, ती ही आहे. आणि ज्याच्या पोटांत ती कधीं पेटलीच नाहीं, त्याचा टाळ किती खरा वाजत असेल याची आम्हांस शंका आहे.

कथा एवढ्यावर संपती तर ती एक सुरस बोधकथा झाली असती. ती पुढें गेली, आणि अल्बमच्या नांवाला जागली. पहिल्या अल्बमनंतर जोसेफ वृंदांतून बाहेर पडला. १९८९ सालचा दुसरा अल्बम 'बेस्ट विशेस' फ्लॅनागनच्याच आवाजांत आहे. त्याच्या वेष्टनावर हिरण्यकशिपूला विदारणाऱ्या नरसिंहाचें चित्र आहे. नीरा नरसिंहपूरच्या देवाचें दर्शन घेणाऱ्या आपल्या मंडळींना तें चित्र तेव्हांच ओळखूं आलें असतें. १९९२ सालच्या 'अल्फा ओमेगा' या अल्बमाच्या वेळीं जोसेफ परत आला, पण तो मिलाफ टिकला नाहीं. त्यानंतर 'क्रो-मॅग्स' हें नांव कोणाचें, यावर या दोन जुन्या सोबत्यांत कैक वर्षें वितुष्ट राहिलें, आणि प्रकरण वकिलांपर्यंत गेलें. शेवटीं २०१९ सालीं नांवाचा हक्क फ्लॅनागनकडे आला, आणि जोसेफच्या मंडळींनीं 'क्रो-मॅग्स जे. एम.' असें निराळें नांव धारण केलें. ज्यांनीं कलहाच्या युगाचें गाणें गाइलें, त्यांचाच कलह त्या गाण्याच्या पाटीवरून व्हावा!

हें वाचून आम्हांस हसूं आलें नाहीं. भागवताच्या प्रथम स्कंधांतील सतरावा अध्याय आठवला. परीक्षित राजानें शरण आलेल्या कलीला राहावयास चार जागा नेमून दिल्या: द्यूत, मद्यपान, व्यभिचार आणि हिंसा. स्वामींनीं आपल्या शिष्यांना जीं चार व्रतें घालून दिलीं, त्यांनीं नेमकीं हींच चार दारें बंद होतात. पण कलीचें एवढ्यानें भागेना. त्यानें आणखी एक जागा मागितली, आणि राजानें ती सोन्यांत दिली. त्या सोन्याबरोबर असत्य, मद, काम आणि रजोगुण आले, आणि पांचवें आलें तें वैर. पहिलीं चार दारें निश्चयानें लावतां येतात. पांचवें दार घराच्या आंत असतें, कारण ज्याला आपण 'आपलें' म्हणतों त्यांतच तें उघडतें. तें सोनें असेल, जमीन असेल, किंवा एका वृंदाचें नुसतें नांव असेल.

यासाठीं न्यूयॉर्कास जाण्याचें कारण नाहीं. आमच्या आजोळीं दोघे मामा आहेत. दोघेहि माळकरी, एकानेंहि आयुष्यांत पत्ता हातीं धरला नाहीं, कीं विडी ओढली नाहीं. वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणींत विहिरीकडची बाजू कोणाची, एवढ्यावरून त्यांच्यांत बिघडलें. माजघरांतून भिंत घातली गेली, आणि आज वीस वर्षें झालीं, दोघे एकमेकांशीं बोलत नाहींत. थोरले ब्याऐंशींचे आहेत, धाकटे एकोणऐंशींचे. आम्ही गेलों म्हणजे दोन्हीकडे जातों. थोरले मामा भिंतीकडे बोट दाखवून "कलियुग रे बाबा!" म्हणतात, चहाची कपबशी खालीं ठेवून पलीकडे गेलों कीं धाकटे मामाहि भिंतीकडेच बोट दाखवून तेंच म्हणतात. संध्याकाळीं दिवे लागले कीं दोन्ही बाजूंनीं हरिपाठ सुरू होतो. चाल एकच, कारण ती दोघांना आमच्या आजोबांनींच शिकविली.

अशा वेळीं त्या न्यूयॉर्कच्या गोंगाटाचें मोल आम्हांस पटतें. कलियुग हें काळाचें नांव आहे असें मानलें, तर माणसाला कांहींच करावयाचें उरत नाहीं. चार लक्ष बत्तीस हजार वर्षें तो स्वस्थ बसून राहूं शकतो. परंतु तें भांडणाचें नांव आहे असें एकदां ध्यानीं घेतलें, म्हणजे तें हाताच्या अंतरावर येतें. युग पालटणें कोणाच्या हातीं नाहीं. एक भांडण मिटविणें त्या दोघांच्या हातीं असतें, आणि पुष्कळदां त्यांतील एकाच्याच.

पुतण्याचा हा अल्बम आम्ही पुन्हा पुन्हा ऐकूं असें वाटत नाहीं. आमच्या वयाला एवढी दौड झेपत नाहीं. त्यांतील शब्द मात्र आम्हीं ठेवून घेतला आहे. कार्तिकींत आजोळीं जाणें होईल, तेव्हां थोरले मामा आपल्या संवयीप्रमाणें भिंतीकडे बोट दाखवतीलच. त्या वेळीं त्यांस कलि या शब्दाचा अर्थ सांगावा असें आम्हीं ठरविलें आहे. ते रागावतील कीं ऐकतील तें सांगवत नाहीं. पण दोघांचीं वयें पाहतां आणखी एक कार्तिकी थांबणें आम्हांस बरें दिसत नाहीं.